मार्गळीतल्या चार नळ्या

मद्रासजवळच्या आवडी या गावातल्या सरकारी कारखान्यात सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळून मानाजीरावांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हा नात्यागोत्यातल्या सगळ्यांनी गृहीत धरलं की आता हा गृहस्थ अंबत्तूरच्या घरी ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचणार. मानाजीरावांनी पिकअप घेतली. तीही नवी नव्हे. पंधरा वर्षं वापरलेली, डिझेलची, निळा रंग उन्हाने पांढुरका पडलेली. ओ.टी. बसस्टँडच्या मागे लग्नाची भांडी भाड्याने देणारं एक मोठं दुकान होतं. तिथली भांडी कार्यालयावर पोचवायची आणि लग्न आटोपलं की परत आणायची, हे काम त्यांनी धरलं. आत माणूस बसेल एवढाल्या सांबाराच्या हंड्या, इडलीची पात्रं, भाताच्या चाळण्या, एकात एक घातलेले शेकडो पेले. गाडी खड्ड्यातून गेली की मागे असा काही नाद उठायचा की रस्त्यावरची माणसं वळून बघत. ‘‘नवऱ्याच्या आधी आमची वरात,’’ मानाजीराव म्हणायचे.

सात वर्षं हे झकास चाललं. मग २००६ च्या उन्हाळ्यापासून त्यांचं डोकं दुखू लागलं.

साधं दुखणं नव्हे. दुपार व्हायच्या आत कपाळाच्या दोन्ही बाजूंना ठणका लागायचा, डोळे चुरचुरायचे, अन्नावरची वासना उडायची. कार्यालयात पंगतीचा आग्रह व्हायचा आणि हे नुसतं ताक पिऊन उठायचे. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, ठीक होता. चष्मा दोनदा बदलून झाला. बायकोने, सईबाईंनी, तेलं चोळली, लेप लावले. शेवटी डॉक्टर म्हणाले, ‘‘राव, वय झालं की असं होतं.’’ मानाजीरावांना एकोणसाठावं चालू होतं. एवढं वय झालं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं, पण डॉक्टर म्हणतात तर असेल.

नोव्हेंबरात पूनमल्लीहून परत येताना एका सिग्नलला त्यांचं डोकं असं जड झालं, की पुढची बस थांबलेली त्यांना दिसली, पण पाय ब्रेकवर जायला उशीर झाला. धक्का बेताचाच बसला. कुणाला खरचटलं नाही. एक हंडी तेवढी मागून सुटली आणि गडगडत थेट चहाच्या टपरीपर्यंत गेली. लोक हसले. मानाजीराव मात्र स्टिअरिंग धरून बराच वेळ बसून राहिले. घरी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. पण भांड्यांच्या दुकानदाराने सईबाईंना सांगितलं, सईबाईंनी बंगळूरला मुलाला, कार्तिकेयला, फोन लावला आणि कार्तिकेयने त्याच रात्री बापाला सांगितलं, ‘‘अप्पा, गाडी विका. पुरे झालं.’’

मानाजीरावांनी वाद घातला नाही. मार्गळी महिना तोंडावर आला होता. मार्गळीत तमिळ मुलखात लग्नं होत नाहीत, गाडी तशीही उभीच असते. पोंगल झाला की तई महिना लागतो आणि मुहूर्तांची झुंबड उडते. त्याआधी गिऱ्हाईक बघून गाडी देऊन टाकायची, असं त्यांनी ठरवलं. ठरवलं खरं, पण रोज सकाळी फडकं घेऊन ते गाडी पुसायचे आणि बॅटरी उतरू नये म्हणून दहा मिनिटं चालू ठेवायचे.

मार्गळीच्या पहिल्या आठवड्यातली ती सकाळ. देवळाच्या कर्ण्यावरचं भजन नुकतंच थांबलेलं. सईबाई दारापुढच्या कोलमवर, म्हणजे रांगोळीवर, शेणाचा गोळा ठेवून त्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचत होत्या. मानाजीरावांनी गाडी चालू केली आणि तेवढ्यात जिन्यावरून ऋजुता उतरली.

ऋजुता म्हणजे माडीवरची भाडेकरू. इस्लामपूरची. अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कंपनीत इंजिनांच्या चाचण्या घ्यायची. वय चोवीस. ही मुलगी मराठी बोलते म्हणूनच सईबाईंनी तिला खोली दिली होती, पण पहिले काही दिवस तिचं बोलणं त्यांना निम्मंच कळे आणि त्यांचं तिला. या घरातली मराठी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला गेलेली. मधे तमिळ शब्द, शेवटी तमिळ हेल. मानाजीराव म्हणायचे, ‘‘बाळे, तुझी भाषा पेपरातली, आमची बखरीतली. दोघी बहिणीच, पण लग्नं होऊन दूर गेल्या.’’ मद्रासेत सगळे त्यांना ‘राव’ किंवा ‘अंकल’ म्हणत. ही एकटी ‘काका’ म्हणायची, आणि ते त्यांना आवडायचं.

ऋजुता बस गाठायला निघाली होती. फाटकाशी थबकली. कान देऊन ऐकू लागली.

‘‘काका, हा आवाज कधीपासून आहे?’’

‘‘कसला आवाज?’’

‘‘टिक-टिक-टिक. शिलाई मशिनसारखा.’’

‘‘तो होय! म्हातारीचा खोकला तो. सकाळीच असतो. ऊन झाली की थांबते.’’

‘‘थांबतो ना? म्हणूनच विचारतेय. बॉनेट उघडता?’’

तिने ओढणी कमरेला खोचली आणि वाकून बघितलं. मग मानाजीरावांना जवळ बोलावलं. इंजिनाच्या कडेला बिडाचा एक जाड तुकडा होता. चार सिलिंडरांचा धूर गोळा करून मागे सायलेन्सरकडे पाठवणारा. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. त्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या तोंडाच्या मधे, खालच्या अंगाला, केसाएवढी भेग होती आणि भेगेभोवती काजळीचा पंखा पसरला होता. तीच काजळी केबिनच्या पत्र्यापर्यंत गेली होती. ऋजुता उठून ड्रायव्हरच्या बाजूला गेली. गिअरच्या दांडीखालचं रबर फाटून लोंबत होतं. तिने तिथे हात धरला आणि हुंगून बघितला.

‘‘गाडी ऊन झाली की धातू फुगतो, भेग थोडी मिटते, आवाज बंद होतो. पण तुम्ही मागे भांडी भरून दिवसभर जोर लावता, तेव्हा धूर येतच राहतो. आणि तो इथून आत येतो.’’ मग तिने हळूच विचारलं, ‘‘काका, तुमचं डोकं लग्नाच्या दिवशीच दुखतं का?’’

मानाजीरावांना हसू आलं. मग त्यांनी मनात मागचे दिवस मोजले. गेल्या आठवड्यात गाडी उभी होती. गेल्या आठवड्यात सईबाईंच्या हातचं सगळं त्यांनी पोटभर खाल्लं होतं. आडी महिन्यात, लग्नं नसताना, ते महिनाभर ठणठणीत होते.

सईबाई फुलं हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. ‘‘म्हणजे ह्यांस वय झालं नाही?’’

‘‘वय गाडीचं झालंय, काकू,’’ ऋजुता म्हणाली. तिची बस तोवर गेली होती.

भेगेचं मूळ सापडलं, पण औषध सोपं नव्हतं. ते मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. नवा भाग मिळेना. मानाजीराव पुदुपेट्टैला जुन्या भागांच्या बाजारात दोन दिवस हिंडले. तिथे मोडलेल्या गाड्यांचे डोंगर असतात. त्यांना दोन मॅनिफोल्ड मिळाले आणि दोन्ही नेमके त्याच जागी तडकलेले. शहरात शर्यतीच्या गाड्यांना तयार हेडर, म्हणजे नळ्यांचा मॅनिफोल्ड, बसवून देणारं दुकान होतं. तिथल्या माणसाने पिकअपचं नाव ऐकून भुवया चढवल्या आणि जो आकडा सांगितला त्यात मानाजीरावांना तशीच दुसरी गाडी आली असती.

‘‘हे बीड तिथेच तडकणार, कारण ते तिथे कोंडलेलं आहे,’’ ऋजुता कागदावर चित्र काढून समजावत होती. ‘‘आपण नळ्यांचा बनवू. चार तोंडांना चार वेगळ्या नळ्या, गुळगुळीत वळणाच्या, पुढे एकात मिळणाऱ्या. प्रत्येक नळीला फुगायला जागा राहील. धूरही मोकळा जाईल, इंजिनाला दम लागणार नाही. शर्यत जिंकायची नाहीये आपल्याला. पण जोडकाम एक नंबर पाहिजे. कच्चा हात असेल तर महिन्यात पुन्हा फुटेल.’’

 मग सईबाईंनीच नाव घेतलं. ‘‘सुब्बा.’’

मानाजीराव उठून आत गेले.

सुब्बा त्यांच्या कारखान्यातला वेल्डर. त्याने जोडलेली नळी कापून बघितली तरी सांधा सापडत नाही, असं साहेबलोक म्हणत. वीस वर्षं दोघांनी एका डब्यातलं जेवण केलं. निवृत्तीच्या वेळी सुब्बा म्हणाला होता, ‘‘राव, गाडी घ्यायची तर दोघं मिळून घेऊ. तू चालव, मी दुरुस्ती बघतो.’’ मानाजीराव ‘बघू’ म्हणाले. आणि मग एक दिवस गाडी चांगली मिळतेय म्हणून, दुसरा कुणी नेईल म्हणून, त्यांनी एकट्यानेच घेऊन टाकली. सुब्बाला सांगायचं राहिलं. देवळापुढे हार घातलेली गाडी सुब्बाने जाता जाता बघितली. ‘‘गाडी छान आहे,’’ एवढंच म्हणून तो सायकलवरून पुढे गेला. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. भांडण झालंच नाही. सात वर्षं लग्नकार्यात दिसले तर मान हलवायची, इतकंच उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मानाजीराव आवडीला गेले. सुब्बा घरामागच्या पत्र्याच्या छपराखाली खिडक्यांचे गज जोडत होता. केस पांढरे झाले होते, बाकी तसाच. मानाजीरावांनी वाटेत बरंच काही जुळवून आणलं होतं, पण ऐनवेळी त्यांना फक्त गाडीबद्दल बोलता आलं. भेग, धूर, डोकं, पूनमल्लीचा धक्का. जे घरी सांगितलं नव्हतं ते सगळं त्यांनी सुब्बाला सांगितलं.

सुब्बाने डोळ्यांपुढची काळी काच वर केली. ‘‘मॅनिफोल्ड उतरवलाय?’’

‘‘नाही.’’

‘‘उतरवू नको. रविवारी गाडी इकडे आण. काचा उघड्या ठेवून चालव.’’ आणि तो पुन्हा कामाला लागला.

रविवारी ऋजुताही गेली, सईबाई जेवणाचा डबा घेऊन मागून बसने आल्या. सुब्बा आणि ती यांची पाचव्या मिनिटाला गट्टी जमली. तिचं तमिळ मोडकंतोडकं, त्याचं इंग्रजी कारखान्यापुरतं. पण दोघं एकाच तुकड्यावर बोट ठेवून बोलत असल्यामुळे काही अडत नव्हतं. आधी तिने सईबाईंच्या कपडे वाळत घालायच्या तारेचे तुकडे वाकवून चारी नळ्यांच्या वाटा ठरवल्या. तारा बघून सुब्बा भंगारवाल्याकडून बॉयलरच्या नळीचे तुकडे आणि जुन्या बसच्या सायलेन्सरची वळणं निवडून घेऊन आला. इंजिनावर बसणारी पट्टी, म्हणजे फ्लँज, त्याने जाड पत्र्यातून कापली. भोकांसाठी मधे बसणाऱ्या जुन्या गॅसकेटचाच साचा केला. स्टिअरिंगची दांडी आणि तिसरी नळी यांच्यामध्ये पुरेशी जागा राहते का, हे कळेना. तेव्हा सईबाईंनी डब्यातून आणलेल्या कणकेचा गोळा ऋजुताने मधे दाबला, चाक दोन्हीकडे फिरवलं आणि चपटलेला गोळा काढून त्याची जाडी बघितली. ‘‘बोटभर आहे. चालेल.’’

‘‘आमच्या पोळ्या गेल्या,’’ सईबाई म्हणाल्या, पण त्यांना गंमत वाटत होती.

दुसऱ्या रविवारी चारी नळ्या गाडीवरच टाके मारून उभ्या राहिल्या. एका मुठीतून निघालेल्या चार बोटांसारख्या दिसत होत्या. आता त्या उतरवून पुरत्या जोडायच्या. सुब्बा म्हणाला, ‘‘पुढच्या रविवारी. फ्लँज जाड लोखंडावर बोल्टने आवळून मगच जोडायचा, नाहीतर आचेने वाकतो. तसलं लोखंड मला शोधावं लागेल.’’

पण मानाजीरावांना धीर नव्हता. पोंगल दहा दिवसांवर आलेला. दुकानदार रोज विचारत होता, तईतल्या मुहूर्तांना गाडी आहे की दुसरी बघू? ‘‘आजच जोडून टाक रे,’’ ते म्हणाले. ‘‘एवढी जाड पट्टी, कुठे वाकतेय!’’

सुब्बाने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि काच खाली ओढली.

संध्याकाळी नळ्या निवल्या. सुब्बाने फ्लँज काचेच्या तुकड्यावर ठेवला. मधे चांगलं बोट जाईल एवढी फट. पट्टी धनुष्यासारखी वाकली होती. हे इंजिनावर बसवलं तर चारी बाजूंनी धूर सुटणार. दोन रविवारचं काम, सगळी वळणं, सगळे सांधे वाया.

मानाजीराव पायरीवर बसले. ‘‘राहू दे, सुब्बा. माझंच नशीब. गाडी विकूनच टाकतो.’’

‘‘नशीब नाही, राव. घाई,’’ सुब्बा म्हणाला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. ‘‘तेव्हाही घाईच होती. एक दिवस थांबला असतास, मला बोलावलं असतंस, तर गाडीखाली आधी मी निजलो असतो. ही भेग पडली त्याच दिवशी मी पकडली असती.’’

ऋजुता उठून उगाच पाणी आणायला गेली. सईबाई पदराचं टोक पिळत राहिल्या.

मानाजीरावांना देवळापुढून निघून गेलेली सुब्बाची सायकल आठवली. सात वर्षं त्यांनी स्वतःला समजावलं होतं की मैत्रीत व्यवहार नको म्हणून आपण एकट्याने गाडी घेतली. ते खरं नव्हतं. सुब्बा बरोबर असता तर लोक म्हणाले असते, सुब्बाची गाडी. आणि त्यांना आयुष्यात एक तरी वस्तू स्वतःची, एकट्याची हवी होती. ते त्यांनी आता सांगितलं. तमिळमध्ये, अडखळत, जमिनीकडे बघत. शेवटी म्हणाले, ‘‘चुकलो. तुझ्याकडे यायला मला डोकं फुटायची वेळ यावी लागली.’’

 फ्लँज उलटा करून सुब्बाने खडूने चार रेघा मारल्या. ‘‘नळ्या चांगल्या आहेत. फ्लँज तेवढा कापून टाकतो. पुदुपेट्टैत जुनं सिलिंडर हेड मिळतं का बघ. त्याच्यावरच आवळून जोडू, म्हणजे वाकायचं म्हटलं तरी वाकणार नाही. आणि राव, जाताना जेवून जा. तुझी बायको कणीक गाडीला खाऊ घालते.’’

त्या रात्री सात वर्षांनी मानाजीराव सुब्बाच्या घरी जेवले.

आता घाई कुणीच केली नाही. बाद झालेलं एक सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा जड ठोकळा, जवळपास भंगाराच्या भावात मिळालं. सुब्बाने त्यावर नवा फ्लँज आवळला आणि थोडं इथे, थोडं तिथे, मधे निवू देत, दोन दिवस जोडकाम केलं. या वेळी पट्टी काचेवर ठेवली तर कागदाचा तुकडासुद्धा आत जाईना. ऋजुताने शेंगदाणा तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून नळ्या आणि केबिन यांच्यामध्ये आडोसा केला. गिअरच्या दांडीला नवं रबर आलं. भोगीच्या आदल्या दिवशी सगळं गाडीवर चढलं.

‘‘उदबत्ती आहे?’’ ऋजुताने विचारलं.

सईबाईंना वाटलं, पूजा करायची. त्यांनी सुब्बाच्या देवघरातून उदबत्तीबरोबर हळदकुंकूही आणलं. ऋजुताने गाडी चालू करायला सांगितली आणि पेटलेली उदबत्ती एकेका सांध्याजवळून हळूहळू फिरवली. कुठे धूर निसटत असेल तर उदबत्तीची रेघ थरथरेल, असं ती म्हणाली. चारी तोंडांजवळून, चारी नळ्यांवरून, जिथे त्या एक होतात तिथून. रेघ सरळच्या सरळ वर गेली. टिकटिक नव्हती. इंजिन गार असूनही नव्हती. सुब्बा कान लावून उभा होता. तो नुसता म्हणाला, ‘‘हं.’’ कारखान्यात तो ‘हं’ म्हणाला की काम पास, हे मानाजीरावांना ठाऊक होतं. सईबाईंनी आणलंच होतं तर हळदकुंकू वाहिलं.

मानाजीरावांना काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी ऋजुताचा हात हातात घेतला. तो काजळीने काळा झालेला. ‘‘बाळे, मी तुजला काय देऊं?’’

‘‘घरभाडं वाढवू नका,’’ ती म्हणाली आणि सगळे हसले. मानाजीराव मात्र हसता हसता तोंड फिरवून चष्मा पुसू लागले. सुब्बाला काही देऊ करण्याची त्यांची हिंमतच झाली नाही.

तईतली पहिली फेरी मद्रासच्या दक्षिणेला समुद्राकाठी असलेल्या कोवलमची होती. बोटवाल्या घरचं लग्न, माणसं बाराशे, भांडी दोन थरांची. सईबाई म्हणाल्या, ‘‘मीही येते.’’ उन्हाळ्यापासून त्या गाडीत बसल्या नव्हत्या. त्या वासाने त्यांना मळमळायचं. आता त्या पुढे बसल्या, काच अर्धी खाली. तिरुवान्मियूर मागे पडलं आणि डावीकडे मधूनमधून समुद्र दिसू लागला. पूर्वी एवढ्या ओझ्याने पुलाच्या चढावर गाडी गिअर बदला म्हणून हटून बसायची. आज ती तिसऱ्यातच चढून गेली. सईबाईंनी मानाजीरावांचं खुललेलं तोंड बघितलं.

भांडी उतरली. आचाऱ्याने हंड्या वाजवून बघितल्या. दुपारचे दोन वाजले आणि मानाजीरावांच्या ध्यानात आलं की कपाळ शांत आहे. त्यांनी बोटांनी चाचपून बघितलं, जणू ठणका कुठेतरी लपून बसला असेल. नव्हता. भूक तेवढी लागली होती, कडकडून.

पंगतीत दोघं केळीच्या पानापुढे शेजारी बसले. वाढप्याने भात घातला, सांबार घातलं, मानाजीरावांनी पुन्हा मागितलं, तिसऱ्यांदाही मागितलं. सईबाई बघत राहिल्या.

‘‘ऐकतेस काय,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘मजला वाटलं होतं, आता आपली गाडी थांबली. माझीच. कुणास बोललो नाही.’’

‘‘ठावं होतं मजला,’’ सईबाई म्हणाल्या. ‘‘म्हणून तर रोज फूल ठेवीत होते.’’

जेवण झाल्यावर मानाजीरावांनी आचाऱ्याकडून केळीच्या पानात बांधून दोन पुड्या घेतल्या. जिलेबी आणि वडे, अजून गरम. एक माडीवरच्या मुलीसाठी. दुसरी घेऊन त्यांनी गाडी अंबत्तूरवरून सरळ आवडीकडे घातली. सुब्बा छपराखाली गज जोडत होता. मानाजीरावांनी इंजिन बंद केलं नाही. खाली उतरले, किल्ली गाडीतच ठेवली आणि दार उघडं धरून उभे राहिले.

‘‘चल,’’ ते म्हणाले, ‘‘एक फेरी तू चालव. कशी झालीय ते तुला कळायला नको?’’

सुब्बाने हात पुसले. आधी वडा खाल्ला, सावकाश. मग तो चाकामागे बसला, सीट पुढे ओढून घेतली आणि आरसा आपल्या उंचीला लावला. सईबाई मधे सरकल्या. मानाजीराव दुसऱ्या दाराने आत बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीत हात मांडीवर ठेवून, रस्त्याकडे नुसते बघत राहिले.